जवसाचा एक तास

मित्रांनो, मी एक जुनी दुपार आहे. जर्मनीतल्या स्प्रे नदीकाठच्या शेतांत मी राहते. अंगात पांढरा झगा, हातात विळा. बारा वाजले की शेत माझे, एकची घंटा झाली की पुन्हा माणसांचे.

भर उन्हात कापणी करताना एक बाई कोसळली, तिच्या शेवटच्या श्वासातून मी जन्मले, असे म्हाताऱ्या सांगतात. खरे असावे, कारण माझा राग अजून निवलेला नाही.

माझा नियम साधा आहे. माझ्या वेळेत जो शेतात सापडेल, त्याने एकची घंटा होईपर्यंत फक्त जवसाबद्दल, देठांपासून कापडाचा धागा देणाऱ्या त्या पिकाबद्दल, बोलायचे. दुसरा शब्द निघाला की विळा. पूर्वी माझा मान होता. बारा वाजताच बायका विळे ठेवून लिंडनच्या झाडाखाली भाकरीचे गाठोडे सोडत.

मग हान्द्री मुकादम आला. घंटा झाली की मजूर उठतात, म्हणून त्याने चर्चच्या मनोऱ्यालाच कुलूप घातले.

एका दुपारी कापणी करणारी वोर्शा म्हणाली, "मुकादम, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. जरा सावलीत बसू द्या."

"सावली काय पळून चाललीय? आधी ही ओळ संपव!"

वोर्शाने ओळ संपवली आणि पेंढीवर पडली, ती उठलीच नाही. तिची बहीण माद्लेना हंबरडा फोडून धावली. बायकांना मी हात लावला नाही, कारण त्या आपल्या मर्जीने थांबल्या नव्हत्या. मी हान्द्रीसमोर उभी राहिले.

त्याची पाचावर धारण बसली, पण गडी जवस पिकवणाऱ्या घरातला. पेरणी, खुरपणी, उपटणी, देठ पाण्यात कुजवणे, कुटणे, विंचरणे, कातणे, विणणे, सगळे त्याने सांगितले. मग पुन्हा पेरणीपासून सुरुवात केली. सावल्या लांबल्या. एक कधीच वाजून गेला होता, पण घंटा काही होईना. घसा सुकला आणि तो ओरडला, "माद्लेना, धाव! घंटा वाजव!"

बहिणीचे डोळे मिटत माद्लेना म्हणाली, "चावी तुमच्याच खिशात आहे, मुकादम."

घंटा काही जवसातली नव्हे. मी विळा चालवला. करावे तसे भरावे. मला जराही वाईट वाटले नाही.

वाईट वाटते ते वोर्शाचे. मी बाराला आले होते, पण हान्द्री मला दिसायच्या आधी ती पेंढीवर पडलेली दिसली, आणि तोवर उशीर झाला होता.

मित्रांनो, राबणाऱ्याला दुपारी सावलीत बसू द्या. त्या गावात आता घंटा दोन्ही वेळा होते. माझ्या विळ्याला मात्र मी रोज धार लावते.