पाणपिसूचं काळीज

प्रेमदासने वर्षभर खपून चिमूटभर पूड तयार केली होती. हृदय जोरात चालवणारं औषधच ते, पण त्यात काही जागी साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन बसवलेला. शरीराला ते लवकर मोडता येणार नाही, हृदय जास्त वेळ धावेल, असा त्याचा होरा. पिपरीच्या वाटेवरच्या आमच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत त्यावर विश्वास ठेवणारा मी एकटा, आणि तोही पोट भरलेलं असलं तरच.

त्या सकाळी त्याने सगळी पूड पाण्यात विरघळवली. लगेच वापरली नाही तर गुलाबी पडून वाया जाणार होती. औषध तपासायला आणून ठेवलेले बेडूक घ्यायला मागच्या खोलीत गेलो, तर घमेल्यात नुसतं पाणी. शेजारी त्याची आई सीताबाई पदराला हात पुसत उभी. समुद्रपूरहून पहिल्या मोटारीने लेकाला भेटायला आलेली.

"माय, बेडकं कुठं गेली?" माझ्या मागोमाग आलेल्या प्रेमदासने विचारलं.

"तळ्यात सोडली. घमेलं बुडवलं, गेली टुणटुण."

"काऊन पण?"

"बुद्धाची दीक्षा घेतली तवा तूच त सांगतलं मले, जीव मारू नाई. आन् तू इथं काय करून राह्यला?"

माझा पारा चढला. भर मे महिन्यात दुसरे बेडूक आणायचे कुठून? पण तिला बोलणार तरी काय! लेकाने शिकवलेलं शीलच तिने पाळलं होतं. प्रेमदास घमेल्यापाशी मटकन बसला. मला त्याच्याकडे बघवेना.

एकाएकी तो ओरडला, "पाणपिसवा!"

घमेल्यात भरून आलेल्या तळ्याच्या पाण्यात मोहरीहून लहान जीव उड्या मारत होते. अंग काचेसारखं, सूक्ष्मदर्शकाखाली हृदय धडधडताना दिसतं, चिरफाड नको. एकीला साधं औषध दिलं, दुसरीला त्याचं. दर ठोक्याला तो कागदावर पेन्सिलीचा ठिपका मारी, मी घड्याळ धरलेलं. दोघींची हृदयं उधळली. मग पहिलीचे ठिपके विरळ झाले. दुसरीचे दाटच! नव्या जोड्या घेतल्या, तरी तेच.

"चालून राह्यलं, माय!" त्याने आईला उचललंच. मी असा बोंबललो की रस्त्यावरचा टांगा थांबला.

सीताबाईने सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला.

"एवढुशा जीवालेबी काळीज हाय रे," ती म्हणाली. मग लेकावर खेकसली, "हासून काय राह्यला? दमली असन थे. सोडून ये तिले."

भर उन्हात प्रेमदास काचेची बशी दोन्ही हातांत धरून तळ्याकडे निघाला, थेंबही सांडू न देता. मी बशीवर छत्री धरली.