वाघोबाच्या पठारावरचं पांढरं पीस

संशोधनाचे मार्गदर्शक असलेले सर फोनवर ओरडले नाहीत, हेच नम्रताला जास्त लागलं. "त्या बाईने वर न जाता पायथ्यालाच सगळं गोळा केलंय," ते शांतपणे म्हणाले. "पठाराचे नमुने काढून टाक. आणि कामाला दुसरं कुणीतरी बघ."

ती बाई म्हणजे भिमीमावशी. मुरबाडकडच्या डोंगरात पाड्यावर राहणारी, साठीला टेकलेली, कुठल्या जनावराची विष्ठा हे नुसत्या नजरेने सांगणारी आणि नम्रतासाठी तिचे नमुने गोळा करणारी. नम्रता आसनगावची, शेतकऱ्याघरची पोर, जंतूंचा अभ्यास करणारी. माणसांच्या औषधांना दाद न देणारे जंतू रानातल्या जनावरांच्या पोटात कुठवर पोचलेत, हे तिला शोधायचं होतं. गावाजवळच्या माकडांत ते सापडले, त्यात नवल नव्हतं. पण पठारावरच्या रानमांजरातही सापडले, आणि तिथे तर माणसाची वस्तीच नाही! काचेच्या बशीत औषधाच्या चकतीभोवती जंतू मरून रिकामं कडं पडायला हवं होतं. पडलंच नाही. जंतू चकतीला खेटून खुशाल वाढले होते.

सरांना वाटलं तशी मावशी फसवेल, हे नम्रताचं मन मानेना. पण मग ते जंतू कडा चढून वर गेले कसे? या प्रश्नाने तिला घास गोड लागेना.

सकाळी पाड्यावर जाऊन तिने मावशीला सगळं सांगून टाकलं. मावशीचा चेहरा पडला.

"पायथ्याला? मी? गुडघं दुखतात म्हणून बसत बसत चढते, पण चढते गो! चल, तुझ्या डोळ्यांनी बघ."

दुखऱ्या गुडघ्यांची मावशी पुढे आणि तरणीताठी नम्रता धापा टाकत मागे, अशी वरात दोन तासांनी पठारावर पोचली. तिथे शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड होता. दगडामागे दहा पावलांवर मावशीने काटकी रोखली. "ह्यो बघ. रानमांजराचा. परवाचा असंल."

नम्रताला इतकं हायसं वाटलं की तिने मावशीला मिठीच मारली. मग तिच्यातली चौकस पोर जागी झाली. "मावशी, दर वेळी इथेच कसं गं सापडतं?"

"सापडतं," मावशी म्हणाली. एरवी एका शब्दावर थांबणारी बाई नव्हती ती.

नम्रताने हातमोजे चढवले आणि चिमट्याने ती विष्ठा उकलली. उंदराचे केस निघाले, हाडाचा तुकडा निघाला आणि मधोमध एक पांढरंशुभ्र पीस. रानकोंबडीचं पीस असं नसतं, हे ओळखायला तिला पुस्तक लागलं नाही.

"मावशी, हे तर बॉयलर कोंबडीचं!"

"हळू बोल," मावशी कुजबुजली. दगडाकडे पाठ करून ती खाली बसली.

कुजबुजतच तिने सांगितलं. नवस फिटला की गावठी कोंबडा जिवंत आणून दगडामागे सोडायचा. रानातल्या जनावराने तो नेला की वाघोबाने घेतला, असा पाड्याचा रिवाज. दोन वर्षांपूर्वी मानमोडीच्या साथीने पाड्यातल्या कोंबड्या मेल्या. तेव्हापासून पायथ्याच्या गिरजाच्या पोल्ट्रीच्या शेडमधली मलूल, पावडरीचं पाणी पाजलेली कोंबडी वर येऊ लागली. "समदाच पाडा आणतो. माझ्या नातीचा, काजलचा ताप उतरला तवा मीबी आणली. देवाला सांगितलं, गावठी हाय."

पावडर म्हणजे कोंबड्या आजारी पडू नयेत म्हणून पाण्यात मिसळतात ते, चकतीवरचंच औषध. नम्रता पिसाकडे बघत राहिली. जंतू कडा चढले नव्हते, माणसांनी कडेवर घेऊन त्यांना वर आणलं होतं!

"त्या मांजराला काय व्हईल गो?"

"त्याला काही नाही होणार. पण उद्या हेच जंतू आपल्या कुणाला लागले, तर औषध चालणार नाही." नम्रता अडखळली. "मावशी, हे मला सरांना सांगावं लागेल. नाहीतर ते तुलाच खोटी धरतील."

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर डोक्यावर घेतला आणि दगडासमोर जाऊन खणखणीत आवाजात म्हणाली, "वाघोबा, ती गावठी नव्हती. बॉयलर व्हती. मी खोटं बोलले."

झाडावरचे पक्षीसुद्धा उडाले. मावशीने डोळे पुसले आणि वळली.

"आता लिव. आन् तुझ्या सरला सांग, भिमी वर चढलीती."