दहा मीटरच्या आत

दुकानात पाऊल टाकल्यापासून तिने एकच प्रश्न लावून धरला होता.

"यातल्या कुठल्या लेन्समधून जवळचं दिसत नाही?"

काउंटरमागचा तिचा मामेभाऊ हातातलं झाकण तसंच धरून तिच्याकडे बघत राहिला. कॅमेरे आणि लेन्स विकण्यात त्याचे केस पांढरे झाले होते. येणारा प्रत्येक जण विचारायचा, किती लांबचं दिसतं? चंद्रावरचे खड्डे दिसतात का? उलटा प्रश्न घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

"ताई, लोक बघायला लेन्स घेतात," तो म्हणाला. "न बघायला घेणारी तू पहिलीच."

"पहिली तर पहिली. दाखव."

ती गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. त्यावरून हिचा पाय काही केल्या उठत नाही म्हणून विद्यार्थ्यांनी तिचं नाव ब्रेकबाई ठेवलं होतं. नवऱ्याने ते कुठूनतरी ऐकलं आणि घरीही चालू केलं. आत्ता हा नवरा दुकानाच्या दारात पाठमोरा उभा राहून, एक सुटसुटीत झूम लेन्स डोळ्याला लावून, समोरच्या छपरावरची कबुतरं बघत होता. अंगाचा सगळा भार डाव्या पायावर. उजवा नुसता सोबतीला.

तो रानातल्या प्राण्यांचे फोटो काढायचा, पोटही त्यावरच. मागच्या वर्षी पिल्लं घेऊन चरणाऱ्या एका रानडुकरिणीचा फोटो काढताना तो कोपरांवर सरपटत पुढे पुढे गेला, आणि तिने त्याची मांडी उभी फाडली. जीव वाचला, पाय वाचला, पण पळणं गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी त्यात काही आडपडदा ठेवला नाही. असल्या माणसाने पुढे काय करावं? पासपोर्टचे फोटो काढावेत, शाळेतल्या वर्गांचे काढावेत. याने काय केलं, तर एका कॅलेंडरवाल्याने पट्टेरी पिल्लांसह डुकरीण हवी म्हटल्यावर बायकोला न विचारता होकार देऊन टाकला.

मग घरात बरेच दिवस भांडी जरा जास्तच आपटली. शेवटी तह झाला. जायचं, पण लेन्स ती निवडणार आणि ती सोबत येणार. तो नको तितका पुढे गेला, एकदाच जरी गेला, तरी हे काम कायमचं बंद. नवऱ्याने मान डोलावली होती. त्याच्या मान डोलावण्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. माणूस हट्टी आहे, ऐकू येऊन न ऐकल्यासारखं करतो, हे तिचं ठाम मत होतं.

"ही बरी आहे," तो दारातूनच म्हणाला. "हलकी आहे. माझ्या पायाला झेपेल."

"हलकी आहे म्हणजे गळ्यात अडकवून पुढे जाता येईल. ठेवा ती खाली."

मामेभावाने आतल्या कपाटातून दुसरी लेन्स काढली, दोन्ही हातांनी उचलून आणली आणि काउंटरवरच्या रबरी चटईवर आडवी ठेवली. दुधाच्या कॅनएवढं ते प्रकरण बघून तिला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

"ही ट्रायपॉडशिवाय चालत नाही," तो म्हणाला. "घेऊन सरपटणं सोडच, नीट चालताही येत नाही. लांबचं असं दाखवते की विचारू नकोस. पण समोरचं फार जवळ आलं की हिला काही दिसत नाही. सगळं धूसर."

"फार जवळ म्हणजे?"

"चार-साडेचार मीटर."

"ते नको. आणखी लांब."

त्याने लेन्सच्या कुशीतलं एक बारीक बटण दाखवलं. "हे असं सरकवलं, की दहा मीटरच्या आतलं ती बघायचंच नाकारते. लांबचं चटकन पकडता यावं म्हणून केलेली सोय आहे ही."

"आणि उलटं सरकवलं तर?"

"तर परत जवळचं दिसतं."

"चिकटपट्टी आण," ती म्हणाली.

नवरा लंगडत काउंटरपाशी आला. "अगं, बटणावर चिकटपट्टी? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बाळाला सांगितलेलं कळतं."

मामेभाऊ खाली वाकून चिकटपट्टी शोधू लागला. ती समोरच पडली होती, तरी त्याला ती बराच वेळ सापडेना. सापडली तेव्हा तिने स्वतःच्या हाताने काळा तुकडा कापला, बटणावर बसवला आणि नखाने चारही कडा दाबून घेतल्या.

"समोरचं धूसर झालं की मागे यायचं. वाद नाही. कबूल?"

"कबूल."

"भाऊजी, मला साक्षीला धरू नका हं," मामेभाऊ म्हणाला. "तुम्हा दोघांत पडलं की मार मलाच बसतो."

तिने ट्रायपॉड दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकवून लावायला सांगितला, लेन्स दाराकडे तोंड करून. दुकान लांबोडकं होतं. ती बाहेर पडली, रस्ता ओलांडून पलीकडे उभी राहिली, आणि तिथून डुकरीण होऊन चालत आली.

"भुवईतला तीळसुद्धा दिसतोय!" आतून नवरा ओरडला. तिने रस्ता ओलांडला, फुटपाथवर चढली. "दिसतेस!" तिने उंबऱ्यावर पाय ठेवला.

"गेलीस," तो म्हणाला. "नुसता रंग उरला."

ती जागच्या जागी थांबली आणि खाली बघू लागली. तिच्या आणि त्याच्या मध्ये एक पायपुसणं, दोन खुर्च्या आणि काउंटर होतं. एवढंच? आपण स्वयंपाकघरातून हाक मारतो आणि हा बाहेरच्या खोलीतून 'आलो' म्हणतो, त्याहून फार नाही.

"डुकरीण एवढं अंतर किती वेळात कापते?" तिने विचारलं.

नवरा सदऱ्याच्या टोकाने कॅमेऱ्याची मागची काच पुसू लागला. त्याला उत्तर चांगलंच माहीत होतं.

"म्हणूनच धूसर झाल्या झाल्या मागे येणार ना मी," तो म्हणाला. "तू बघ तरी एकदा यातून. आजवर कधी बघितलं नाहीस."

"मला नाही बघायचं. बघायचं खूळ घरात एकाला आहे तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी लेन्स घेऊन ते नदीकाठी पोचले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. तिने गाडी परतीच्या तोंडाने लावली, दोन्ही दारं उघडी ठेवली, किल्ली आत. पळता न येणाऱ्या माणसाला गाडी हाताशी हवी. ट्रायपॉड गाडीपासून चार पावलं पुढे उभा केला. समोर चिखलाचा मोकळा पट्टा, त्यापलीकडे दाट लव्हाळा. वारा समोरून येत होता, म्हणजे त्यांचा वास तिकडे जाणार नव्हता. नवरा डोळा लावून उभा राहिला आणि ती त्याच्या मागे, त्याची कॉलर मुठीत धरून.

लव्हाळा हलला. आधी तोंड बाहेर आलं, मग ती अख्खी काळी डुकरीण, आणि तिच्यामागून पिल्लं. बायकोने कॉलर आणखी घट्ट आवळली. हीच ती मागच्या वर्षीची असेल का? विचारायची हिंमत झाली नाही. कॅमेरा खटाखट वाजत होता. डुकरीण चिखल उकरत उकरत त्यांच्या रोखाने सरकू लागली, आणि इकडे ती मनातल्या मनात त्या चिखलात दुकानातलं ते पायपुसणं शोधू लागली.

"धूसर झालं," नवरा पुटपुटला. डोळा काढून तो सरळ मागे आला, ट्रायपॉड गाडीला चिकटवून उभा केला आणि तिच्याकडे वळून भुवया उडवल्या. झालं समाधान?

झालं होतं. खरंच झालं होतं. माणसाने शब्द पाळला होता. तिने त्याची कॉलर सोडली, आणि वर्षभरात पहिल्यांदाच तिला वाटलं, निभेल हे.

डुकरीण पिल्लांसह परत लव्हाळ्याकडे वळली होती. तेवढ्यात नवरा मांडी धरून खाली बसला. त्याचे दात आवळले गेले.

"गोळा आलाय पायात. होईल कमी." तो सरकत सरकत गाडीच्या सीटवर टेकला. "तू उभी राहा तिथे. ती उजेडात आली की बटण दाब."

"मला नाही येत."

"डोळा लाव आणि दाब. बाकी सगळं लेन्स बघून घेते."

तिने डोळा लावला. आधी नुसतं हिरवं-काळं काहीतरी थरथरलं. मग हात स्थिरावला आणि सगळं एकदम समोर आलं. एक पिल्लू मुळावर चढायला बघत होतं, चढत होतं, घसरत होतं, पुन्हा चढत होतं. त्याच्या अंगावरचे पिवळे पट्टे कोणीतरी बोटाने ओढल्यासारखे वाटत होते. ती ओठ मिटून हसली. डुकरीण आली, पिल्लाला तोंडाने बाजूला सारून पुढे निघाली. तिच्या नाकपुड्यांवरचा चिखल ओला होता. कानाची कड फाटलेली होती. एवढं सगळं आहे हिच्यात? आणि आपण वर्षभर हिला मनात राक्षसीण म्हणून धरून बसलो! तिने बटण दाबलं. परत दाबलं. डुकरीण मोठी होत गेली, इतकी की नुसतं डोकं उरलं, आणि त्या डोक्यावर सकाळचं ऊन आलं.

आणि नेमकं तेव्हाच सगळं धूसर झालं.

लेन्स आतल्या आत घुरघुरली, चाचपडली, पुन्हा घुरघुरली. तिला भयंकर राग आला. आत्ताच? तिचा अंगठा लेन्सच्या कुशीत गेला, नख चिकटपट्टीच्या कडेखाली शिरलं. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं. फक्त त्यात काही चूक आहे असं वाटत नव्हतं. पट्टी निघाली, बटण सरकलं, आणि डोळा समोर आला. तपकिरी, ओला, त्यात लव्हाळ्याची पाती.

"अगं, मागे ये."

"थांबा हो जरा," ती म्हणाली आणि दाबलं.

एकाएकी काळोख झाला. नवऱ्याने लेन्सच्या तोंडावर पंजा ठेवला होता.

"डोळा काढ," त्याचा आवाज अगदी खालच्या पट्टीत, अगदी जवळून आला. "आधी डोळा काढ."

तिने मान वर केली. डुकरिणीला बघायला आता कुठल्याच लेन्सची गरज नव्हती. पाठीवरचे केस उभे, तोंडाला फेस, आणि पुढचा एक पाय चिखलात आपटत होता. ट्रायपॉडच्या पुढे, तिच्या आणि डुकरिणीच्या मधोमध, नवरा त्या एका पायावर उभा होता.

"पाठ दाखवू नकोस. हळूहळू आत जा."

"आणि तुम्ही?"

"जा म्हटलं ना!"

ती मागे सरकत स्टिअरिंगच्या बाजूने आत शिरली आणि तिकडचं दार ओढून घेतलं. तो ट्रायपॉडच्या आधाराने एकेक पाऊल मागे घेत होता, उजवा पाय फरफटत. डुकरीण अंगावर सुटली. बायकोने शेजारच्या सीटवर आडवी होऊन त्याची कॉलर पकडली आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून आत ओढली. तो पाठीवर तिच्या मांडीत पडला, दार ओढलं गेलं, आणि दारावर असा दणका बसला की अख्खी गाडी हलली. बाहेर ट्रायपॉड कोसळला. डुकरिणीने पडलेल्या लेन्सला एकदा हुंगलं, फुत्कारली, आणि पिल्लांकडे निघून गेली.

नवरा धडपडत उठून बसला.

"ऐकू आलं नाही तुला?" तो ओरडला. इतक्या वर्षांच्या संसारात तो असा कधी ओरडला नव्हता. "घसा कोरडा पडला हाका मारून!"

"एकदाच मारलीत."

"एकदा? ती लव्हाळ्यातून निघाली तेव्हापासून मारतोय!"

तिला त्यातली एकच आठवत होती. ती गार पडली. म्हणजे हा हट्टी नव्हता. ऐकू येऊन न ऐकल्यासारखं कधीच करत नव्हता. डोळा लेन्सला लागला की याला ऐकूच येत नव्हतं. हट्टावर इलाज करता आला असता. चिकटपट्टी लावता आली असती, भांडता आलं असतं. यावर काय लावणार? तिला आजवर वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

नवरा दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. "मी मागून बघत होतो," तो म्हणाला. "पाय उचलेना. ती येतेय, तू हलत नाहीस, आणि माझा पाय उचलेना. तुला हे असंच व्हायचं का गं, दरवेळी मी निघालो की?"

"हो," ती म्हणाली.

"मग संपलं. कॅलेंडरवाल्याला नाही म्हणून कळवतो. कॅमेरा, सगळं विकून टाकू. मी परत इकडे फिरकणार नाही, आणि तुलाही फिरकू देणार नाही."

वर्षभर तिला एवढंच ऐकायचं होतं. यासाठी ती भांडली होती, अबोला धरून बसली होती. आता नुसतं 'बरं' म्हणायचं आणि गाडी चालू करायची. तिने तोंड उघडलं.

"त्या शेवटच्या फोटोत तिचा डोळा नीट आला असेल का हो?"

नवऱ्याने तोंडावरचे हात काढले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिची नजर त्याच्यावरून घसरून काचेबाहेर गेली. लव्हाळ्याच्या तोंडाशी डुकरीण अजून उभी होती, पिल्लं तिच्या पोटाखाली, पाठीवर कोवळं ऊन. तिचा हात दाराच्या कडीवर गेला होता, तो कधी गेला तेही तिला कळलं नाही.

त्याने हात लांब केला आणि तिच्या बाजूचं दार आतून लॉक केलं.