पुलापुरता बूट

शाळेची मागची भिंत संपते तिथे बाग सुरू होते, आणि बागेत चार पावलं टाकली की ओढा आडवा येतो. ओढा तसा फार मोठा नव्हे. उन्हाळ्यात तर कुणाच्या तरी हातून सांडलेल्या पाण्यासारखा दिसतो. पण शाळेला स्वतःचं मैदान नव्हतं, हिरवळ होती ती पलीकडच्या काठावर, आणि खेळाच्या तासाला सगळा वर्ग ओढ्यात टाकलेल्या दगडांवरून तोल सावरत पलीकडे जाई. त्यातल्याच एका शेवाळलेल्या दगडावरून बूट बनवणाऱ्याची मुलगी घसरली आणि तिच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, जुळताना पाय मात्र किंचित आखूड राहिला.

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. प्लास्टर निघाल्यावर ती भिंतीला धरून पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा हे नाव आता चालू ठेवावं की नाही, असा प्रश्न आईबापांच्या डोळ्यांत एकदमच उमटला. विचारला कुणीच नाही.

बापाने त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या परीने दिलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने त्याने तिच्या डाव्या बुटाखाली कॉर्कचे पातळ थर एकावर एक चिकटवले, रापीने कडा तासल्या, आणि वरून काळं चामडं असं मढवलं की जोड शोधूनही सापडू नये. "मुलांचं हाड वाढतं," डॉक्टर म्हणाले होते. "मोडलेलं तर कधी कधी हट्टाने वाढतं. पाय आपली उणीव आपणच भरून काढेल. तसतसा एकेक थर कमी करत जा. पण वेळेवर, बरं का. उशीर केलात तर कंबर वाकडी बसेल." आजवर त्याने टिकण्यासाठी बूट घडवले होते. हा एकच बूट असा होता, जो कमी कमी होत जावा म्हणूनच तो मन लावून घडवत होता. आणि शेवटचा थर निघेल त्या दिवसाची तो, कुणाला न सांगता, वाट पाहत होता.

त्याआधी अध्यक्षबाई आल्या.

त्या दातांच्या डॉक्टर होत्या आणि शाळेच्या पालक समितीच्या अध्यक्ष. ओढ्यावर पादचारी पूल व्हावा, ही मागणी जुनीच होती. नगरपालिका म्हणे, मुलं शाळेची आहेत. शाळा म्हणे, बाग नगरपालिकेची आहे. तेव्हा समितीने देणग्या गोळा करून पूल बांधायचं ठरवलं होतं. बाई दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या, भिंगरीचा बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, हे तुम्ही केलंत? अहो, ही तर कला आहे."

दुकानात आजवर अनेक माणसं बसून गेली होती. पण त्याच्याशी बोलताना त्यांची नजर स्वतःच्या पायांकडे असे. बाई त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

"लोक द्यायला नाही म्हणत नाहीत हो," त्या पुढे म्हणाल्या. "पण आकृत्या, नकाशे दाखवले की त्यांना जांभया येतात. भिंगरी नुसती बरोबर आली तर? तिला काही बोलायला लावणार नाही. दारातून खुर्चीपर्यंत चालत यायचं, बस्स. तिच्यासारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये, एवढंच आपलं म्हणणं."

त्याने होकार दिला. खरं तर बाईंनी 'दादा' म्हटलं तेव्हाच तो देऊन झाला होता.

मग आठवड्यातून एखादी संध्याकाळ अशी येऊ लागली. औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याचं दालन, वकिलाची खोली, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची बैठक. बाई आधी आत जात, दोन शब्द बोलत, आणि मग दाराकडे वळून म्हणत, "ये गं बाळ." भिंगरी आत येई. एक पाऊल हलकं, एक जड. एकाचा आवाज होई, एकाचा होत नसे. बोलणं थांबे. कुणी चष्मा काढी, कुणी खिडकीबाहेर बघे. ती खुर्चीपर्यंत पोहोचेतो देणगी ठरलेली असे. बाप मागे भिंतीशी उभा असे. पहिल्या वेळी त्याने मुलीच्या पायांकडे पाहिलं आणि त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. नंतर त्याने माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहायला सुरुवात केली, आणि ते सोपं गेलं. ते चेहरे विरघळताना पाहण्यात एक सुख होतं. ते सुख आहे हे त्याने स्वतःशी कबूल केलं नाही, पण बैठकीच्या दिवशी तो दाढी अधिक घोटून करू लागला.

"नवरदेव निघाले," बायको म्हणे.

हाडाने खरोखरच हट्ट धरला. डॉक्टरांनी पाय मोजला, हसले आणि म्हणाले, "काढा आता. आधी दोन थर, आणि महिनाभरात सगळेच." त्याने त्याच दुपारी दोन थर उतरवले. भिंगरी दुकानाच्या फरशीवर चालली, मग धावली, मग शेजारच्या मुलींकडून दोरी मागून आणली आणि दारातच उड्या मारू लागली. दोरीचा फरशीवर होणारा तो सपसप आवाज त्याने काम थांबवून ऐकला.

त्याच आठवड्यात लाकडाच्या वखारीचा मालक म्हणाला, "पोरगी तर छान चालतेय की!" आणि नुसता चहा पाजून त्याने सगळ्यांना निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात आल्या. या वेळी त्या बसल्या नाहीत.

"दादा, मला किती आनंद झालाय म्हणून सांगू. खरंच सांगते, काल घरी जाऊन मी रडले." त्या थांबल्या. "पण रविवारी रंगाच्या कारखान्याच्या मालकांकडे जायचंय. ते एकटे उरलेला सगळा खर्च उचलू शकतात. पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे हो. ते काढलेलं परत लावता येतं का? फक्त पुलापुरतं."

तो समोरच्या चामड्यावर रापी फिरवू लागला.

"तिला काही होणार नाही. मीही डॉक्टरच आहे ना?"

"दातांच्या," आतून बायकोचा आवाज आला.

बाई हसल्या. त्यांना राग येत नसे, हीच तर त्यांची ताकद होती.

त्या गेल्यावर बायको बाहेर आली. हाताला साबणाचा फेस तसाच होता. "बरा झालेला पाय परत लंगडा करणार तुम्ही?"

"पायाला कुठे काय करतोय? बुटाला करतोय."

"वा! काय पण अक्कल! आणि बुटात कोण चालणारे, ती बाई?"

"अगं, उद्या दुसरं कुणाचं पोर पडलं तर?"

"दुसऱ्याच्या पोराचं नाव नका घेऊ. तुम्हाला ती बाई 'अहो दादा' म्हणाली की तुमचं पाणी पाणी होतं. नाही म्हणायला काय झालं? जीभ आहे ना तोंडात?"

दुपारी त्याने दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली. काढलेले थर त्याने टाकले नव्हते. का टाकले नव्हते, हे त्यालाही सांगता आलं नसतं. ते चिकटवून झाल्यावर कारागिराचं मन पुढे झालं: आता पाय वाढला आहे, तेव्हा जुन्या थरांनी चाल नुसती अडखळलेली दिसेल, पूर्वीची दिसणार नाही. पूर्वीसारखी दिसायला हवी तर अजून एक थर लागेल. त्याने तो कापला. कडा तासल्या. चामडं मढवलं. जोड शोधूनही सापडत नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला, अगदी क्षणभर का होईना, अभिमान वाटला.

"बाबा, हा आता टोचतो," भिंगरी बूट घालून म्हणाली. "इथे, वर. कमरेत."

"पंधरा मिनिटं, बेटा."

रंगाच्या कारखान्याच्या मालकाची बैठकीची खोली लांबलचक होती. भिंतींना फिकट समुद्री रंग होता आणि फरशी इतकी गुळगुळीत की पाऊल टाकताना आपलंच प्रतिबिंब तुडवल्यासारखं वाटे. म्हातारा मालक गादीच्या खुर्चीत रेलून बसला होता. भिंगरी दारातून खुर्चीपर्यंत आली. म्हातारा म्हणाला, "मला नीट दिसलं नाही. परत ये बघू, बाळ."

ती परत गेली, परत आली.

"अरेरे! सूनबाई, बाहेर या जरा. हे बघा." सून आली. "पुन्हा एकदा, बाळ. त्यांना दाखव."

सुनेने तोंडावर हात ठेवला. मग तिने आतून मुलांना बोलावलं. आपल्याला देवाने काय काय दिलंय ते त्यांना कळायला हवं, असं तिचं म्हणणं पडलं. भिंगरी पुन्हा दाराशी गेली. तिच्या कपाळावर घाम आला होता. बापाला तिच्या चेहऱ्याकडे पाहायचं नव्हतं, म्हणून त्याने सवयीने मालकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे नेहमीचं विरघळणं नव्हतं. एखादी वस्तू घ्यावी की न घ्यावी असा हिशेबी, समाधानी विचार होता.

"दिले," म्हातारा म्हणाला. "पण पुलावरून पहिली ही चालली पाहिजे. अशीच. आमच्या कंपनीचा माणूस अधूनमधून येऊन हिचे फोटो घेईल, काम कसं चाललंय ते बघेल. गोष्ट पुरी झाली पाहिजे, काय?"

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "फक्त पूल होईपर्यंत, दादा. बघता बघता होईल."

मागच्या सीटवर भिंगरी झोपली होती. बाईंनी आपली शाल तिच्या पायांवर पांघरली.

पूल बघता बघता झाला नाही. पाया खणताना खडक लागला, मग लोखंड उशिरा आलं, मग पावसाने काम थांबवलं. फोटोवाला कधी येईल त्याचा नेम नसे, म्हणून बूट रोज घालावा लागे. शाळेत दोरीच्या उड्यांमध्ये आता तिला कुणी घेईना. खेळाच्या तासाला ती काठावर बसून पुलाचे खांब वर येताना पाहत राही. मुलं तिला म्हणत, "तुझा पूल." त्यात मत्सर होता. एकदा तिने घरी येऊन विचारलं, "बाबा, पूल झाला की मी परत धावायचं ना?" तो म्हणाला, "हो तर." त्याच्या तोंडून हे इतक्या लवकर बाहेर पडलं की बायकोने परातीतून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. हल्ली ती काही बोलत नसे. बोलून बोलून ती थकली नव्हती. तिला त्याची किळस येऊ लागली होती.

उद्घाटनाच्या दिवशी मालकाच्या नातीने फीत कापली. मग भिंगरीला पुढे केलं. पुलाच्या लाकडी फळ्यांवर तिच्या जड पावलाचा आवाज घुमून येत होता, आणि दोन्ही काठांवर टाळ्या वाजत होत्या. "हळू, बाळ, हळू," बाई म्हणत होत्या, कारण फोटोवाला मागे राहिला होता. तिच्यामागून सगळी शाळा धावत पलीकडे गेली. पूल चांगला होता. कुणीही घसरलं नसतं.

घरी येताच त्याने सगळे थर काढले. अगदी शेवटचासुद्धा. दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले, एकसारखे, सपाट. "घाल," तो म्हणाला.

ती दारापासून त्याच्यापर्यंत चालत आली. एक पाऊल हलकं, एक जड.

त्याला वाटलं बूट चुकला. त्याने तो काचेच्या तुकड्यावर ठेवून पाहिला, खालून नजर लावली, तासला, पुन्हा पाहिला. बूट सरळ होता.

डॉक्टरांनी दोन्ही पाय मोजले. "सारखे आहेत," ते म्हणाले. "हाडाने आपलं काम चोख केलंय. कंबर मात्र त्या उंच बुटाच्या मापानेच वाकडी बसलीय. व्यायाम देतो. सुटेल, न सुटेल. आता मी शब्द देणार नाही. हे थर मी कधीच काढायला सांगितले होते ना?"

"विसरलो," बाप म्हणाला.

"बूट बनवणारा माणूस, आणि बूटच विसरलात?"

बायको शेजारीच उभी होती. ती सांगेल असं त्याला वाटलं. किंबहुना तिने सांगावं, अशीच त्याची इच्छा होती. तिने मुलीचा हात धरला आणि ती बाहेर निघून गेली.

व्यायाम रोज चालत होते. भिंगरी न कुरकुरता करी, आणि उठून चालू लागली की कंबर पुन्हा त्याच वाकड्या जागी जाऊन बसे. अशाच एका सकाळी अध्यक्षबाई दुकानात आल्या. शाळेचे जिने जुने झाले होते, तिथे उतार आणि कठडे करायचे होते, पुन्हा देणगीदार शोधायचे होते. बोलता बोलता त्यांचं लक्ष फरशीवरून चालणाऱ्या भिंगरीकडे गेलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं बाई! मला धास्ती होती, तुम्ही ते काढून टाकलं असेल."

"काढलंय," तो म्हणाला.

बाईंनी मुलीच्या बुटांकडे पाहिलं. वाकून नीट पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एखाद्याचं ओझं उतरवावं तशा मायेने त्या म्हणाल्या, "म्हणजे आता तुम्हाला काही करावं लागणार नाही, दादा."

'नाही' म्हणायला त्याने तोंड उघडलं. या वेळी शब्द जिभेपर्यंत आलाही होता. पण भिंगरी मध्येच बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "मी येईन. मला आता तो बूट नसला तरी तसं चालता येतं. बाबा नाही आला तरी चालेल."