आप्पांना न हसवणारी फाइल

"आवाज खाल्लाय फाइलने," आप्पा सुनेच्या कानाशी पुटपुटले. रविवारची सकाळ, तिसऱ्यांदा केलेलं काम, आणि सासऱ्यांचा शेरा तोच. सुनेने कॉम्प्युटर पुन्हा मांडीवर ओढला.

मामला असा होता. चौतीस वर्षांपूर्वी आप्पांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान उघडलं, त्या दिवसाचं शूटिंग असलेली कॅसेट माळ्यावर सापडली. स्टुडिओवाल्याने तिची फाइल करून दिली, पण घरच्या टीव्हीला ती काही पचेना. आधी नवऱ्याने पुढाकार घेतला. फाइलच्या नावाचं शेपूट खोडून तिथे दुसरं लिहिलं, आणि झालं कन्व्हर्ट म्हणून हात झटकले. टीव्हीने ओळखसुद्धा दाखवली नाही. बरणीवरची चिठ्ठी बदलल्याने मिठाची साखर होत नाही, एवढं त्याला ऐकवून सून स्वतः कामाला लागली.

ती हे सगळं धडपडतच शिकलेली. पहिल्या खेपेला चित्र आलं पण आवाज गायब. तो ज्या पद्धतीने बांधला होता ती टीव्हीला कळत नव्हती. तिने तो सोडून दुसऱ्या पद्धतीने बांधला. दुसऱ्या खेपेला आवाज आला, पण ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येत, आणि माणसं आडवी फुगलेली. आपण इतक्या जाड कधीच नव्हतो, असं सासूबाईंनी जाहीर केलं. सगळंच फाइलवर ढकलू नकोस, असं नणंदेने त्यांना सुनावलं. तिसऱ्या खेपेला सुनेने मूळ फाइलचा वेग आणि मापं जशीच्या तशी ठेवली, आणि काम चोख उतरलं.

पडद्यावर चोवीस वर्षांच्या सासूबाई दुकानाच्या काउंटरला रेलून, कॅमेऱ्याकडे बघत ठसक्यात म्हणाल्या, "गावभरचे रेडिओ हे दुरुस्त करणार म्हणे. घरचा तीन महिने बंद पडलाय."

खोलीत हसण्याचा स्फोट झाला. नणंद तर सोफ्यावरून घसरली. आणि आप्पा एकेकाच्या तोंडाकडे बघत बसले, जत्रेत चुकल्यासारखे. त्यांनाही हसायचं होतं. सुनेला तेवढंच हवं होतं, बाकी काही नको.

बिघाड कुठे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण नुसत्या गुरगुरीवरून रेडिओतला कुठला भाग गेलाय ते रस्त्यापलीकडून सांगणारा माणूस. त्याला हे सांगायचं कुणी? मागे डॉक्टरांनी विषय काढला तर दोन दिवस अबोला. तेव्हापासून घराने एक रीत पाडून घेतली होती: दोष यंत्राला द्यायचा. दारावरची बेल दोनदा बदलून झाली होती, फोन एकदा. आता पाळी फाइलची.

म्हणून सुनेने चौथ्यांदा फाइल केली, आवाज दुप्पट करून. खिडकीची तावदानं थरथरली. आप्पांनी मान हलवली, नाही. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. तक्रारीला आल्या असतील म्हणून नवरा पुढे झाला, तर त्या विचारत होत्या, मग तो घरचा रेडिओ शेवटी दुरुस्त झाला का. त्यांना अक्षर न् अक्षर ऐकू गेलं होतं, जमिनीतून. सगळे एकदम पंख्याकडे बघायला लागले. सासूबाईंनी बाईंना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि गप्प राहण्याची खूण केली.

"पाचव्यांदा करते," सून म्हणाली.

"थांब," आप्पा म्हणाले. ते उठून टीव्हीपाशी गेले. मागची वायर चाचपली. घट्ट होती. रिमोट घेऊन आवाजाची पट्टी बघितली. पार टोकाला होती. त्यांनी फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली. मग पडद्यावर बायको काउंटरला रेलली, तोंड उघडलं, तसा त्यांनी टीव्हीच्या स्पीकरवर तळवा ठेवला. स्पीकर त्यांच्या तळव्याखाली गदगदत होता, एकेका शब्दागणिक.

सुनेने कॉम्प्युटर मिटला.

आप्पांनी हात काढला नाही. तसेच उभे राहिले, वाक्य संपेपर्यंत. आधी त्यांचे खांदे हलले. सून त्यांना धरायला उठली. मग ते वळले तर माणूस हसत होता, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"फाइल चोख आहे गं तुझी," ते सुनेला म्हणाले. मग बायकोच्या शेजारी, तिला अगदी खेटून बसले आणि डोकं तिच्याकडे कलवलं. "माझे कान गेलेत. आता तूच सांग, काय म्हणाली होतीस?"