चपला हातात घेऊन

"काका, मी अनुपमा बोलतेय. मालनताई डोळे उघडत नाहीयेत."

फोन बायकोच्या, मालनच्याच नंबरवरून आला होता. श्यामसुंदर घाडी ओट्यापाशी बांगडे साफ करून त्यांना मीठ-हळद लावत होते. हात भरलेले, म्हणून त्यांनी फोन कोपरानेच स्पीकरवर टाकला होता.

"झोप लागली असेल तिला. जोरात हाक मारा."

"मारली काका. तुम्ही या ना."

त्या पोरीचा आवाज ऐकून त्यांना हात धुवायचंही सुचलं नाही. ते तसेच निघाले.

मुलुंड पूर्वेला, त्यांच्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून एक हॉल होता. मालन दर बुधवारी तिथे जायची. सतरंजीवर डोळे मिटून पडायचं, आपल्या अंगाकडे लक्ष द्यायचं, आतून काही ऐकू येतंय का ते बघायचं, असा तो वर्ग. अनुपमा तो चालवायची.

घाडी पोहोचले तेव्हा डॉक्टर उठून उभे राहत होते. मालन खिडकीखाली पडली होती. अंगावर शाल नीट पांघरलेली. घाडींनी तिच्या कपाळावर हात ठेवला. मग हाताला मासळीचा वास येतोय हे लक्षात आलं आणि त्यांनी तो काढून घेतला.

तेरावं झालं, पाहुणे गेले. घरात घाडी उरले आणि एक प्रश्न उरला. त्या वेळी तिला त्रास झाला असेल का? तिने आपल्याला हाक मारली असेल का? डॉक्टर म्हणाले होते, झोपेतच गेल्या. पण डॉक्टर सगळ्यांनाच तसं सांगत असतील.

मग एका दुपारी अनुपमा मालनची शाल द्यायला आली. खुर्चीच्या कडेवर बसली. पाणी दिलं तर ते नुसतंच हातात धरून राहिली.

"काका, तुम्हाला सांगायला हवं. वर्ग संपला तेव्हा सगळे उठले. ताई पडून होत्या. मला वाटलं, खोल गेल्यात. अशा वेळी आम्ही कुणाला हात लावत नाही. मीच सगळ्यांना खूण केली, आवाज करू नका म्हणून. सगळे चपला हातात घेऊन बाहेर गेले."

"चपला हातात घेऊन?"

"हो."

ती खाली बघत होती. घाडी ओरडतील याची वाट बघत असावी. घाडी उठून खिडकीशी गेले, परत आले.

"काय असतं तिथे नेमकं?"

"खास काही नसतं. मी पायापासून एकेक अवयव सांगत वर येते. कुठे जड वाटलं, आवळल्यासारखं वाटलं, तर तिथे थांबायचं. आजाऱ्याच्या उशाशी बसतो ना, तसं त्याच्याशेजारी बसायचं. लगेच प्रश्न विचारायचे नाहीत. कुणाला रडू येतं, कुणाला नुसत्या जांभया. कुणी चक्क घोरतं."

"ती काय ऐकायची ते मला कळेल?"

"नाही काका. तुम्हाला तुमचंच कळेल. तेही कळेलच असं नाही."

"मग कशाला जायचं?"

हेच ते मालनलाही विचारायचे. "प्वाटात काय रेडियो आसा तुझ्या?" आणि ती म्हणायची, "आसा. तुमच्या टीव्हीपुढे ऐकाक येणा नाय."

"बुधवारी येतो," घाडी म्हणाले.

हॉलमध्ये त्यांनी खिडकीखालची जागा मागितली. अनुपमाने तिथली सतरंजी सारखी केली.

"तळपाय. टाचा कुठे टेकल्यात ते बघा."

मरोळच्या कारखान्यात प्रेसपुढे उभं राहून घाडींच्या टाचा दुखायला लागल्या होत्या. रात्री मालन तेल चोळून द्यायची, तेवढंच. नंतर पोट आलं. ते गुरगुरलं. मग छाती आली आणि घाडी सावध झाले. याचसाठी ते आले होते. तिच्या छातीत तेव्हा काय झालं असेल ते त्यांनी आपल्या छातीत शोधलं. काही मिळालं नाही. छाती आपली चालूच होती. त्यांना आपल्या छातीचाच राग आला.

"आता गळा."

तिथे मात्र काहीतरी होतं. कोरड्या भाताचा घास अडकावा तसं.

"काही असेल तर ढकलू नका. त्याच्याशेजारी बसून राहा."

ते बसून राहिले. मग त्यांना घराचं दार दिसलं, त्या बुधवारचं. मालन चपला घालून उभी. "येतंय हां," ती म्हणाली. घरातून निघताना त्यांच्याकडे जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. आणि घरात राहणाऱ्याने "ये" म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय ती दार ओढून घ्यायची नाही. त्या दिवशी घाडी मिक्सरवर वाटपाचं खोबरं फिरवत होते. त्यांनी तिचं ऐकलं होतं. मिक्सर थांबला की म्हणू, असं त्यांना वाटलं. ती थोडी थांबली. मिक्सर थांबला तेव्हा दार लागलेलं होतं.

"आता त्या जागेला सांगा, परत येईन. आणि हळूहळू डोळे उघडा."

घाडींनी डोळे उघडले. लोक उठत होते. पण शेजारच्या सतरंजीवरच्या कुंदाताई हलल्या नाहीत. अनुपमाने ओठांवर बोट ठेवलं. एकेकाने दारातून चपला हातात घेतल्या.

"ओ ताई! उठा! उठा म्हणतो ना!"

घाडींनी त्यांचा खांदा धरून गदागदा हलवला.

"अहो काका, केवढ्याने!" कुंदाताई उठून बसल्या. "घरी नातवंडं झोपू देत नाहीत, इथे तुम्ही!"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. कुंदाताईंनी घाडींकडे नीट पाहिलं, मग ते पडले होते त्या खिडकीखालच्या जागेकडे.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "दर वेळी उठवा मला."

दाराशी अनुपमाने हळूच विचारलं, "काका, काही ऐकू आलं?"

"गळ्यात आहे."

"काय आहे?"

"बघू बुधवारी."

त्यांनी चपला तिथेच पायात घातल्या. वळून "येतो" म्हणाले. आतून चार-पाच जण एकदम म्हणाले, "या काका."

घरी येऊन त्यांनी भात लावला. ओट्यावर मिक्सरचं भांडं त्या दिवसापासून पालथं होतं. त्याला त्यांनी अजून हात लावलेला नाही. आणि मालनला "ये" म्हणायचं राहिलं आहे.