सूपभर कोंडा

शुक्रवार, ३० डिसेंबर १९४९. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी दगडाबाईने शाई लावलेला अंगठा कागदाच्या वर नेला आणि तिथूनच मागे घेतला.

"काय लिवलंय ते पुन्यांदा वाचा," ती म्हणाली.

नगरच्या कलेक्टर कचेरीत नागरिक नोंदणीचे टेबल सांभाळणारे अव्वल कारकून दत्तोपंत यांनी चष्मा पुसला आणि कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मी दगडाबाई कोम विठू, वय अंदाजे साठ, राहणार केडगाव, शपथेवर लिहून देते की अर्जदार लालमहंमद वल्द उस्मान पिंजारी हा अमीना कोम उस्मान हिच्या पोटी माझ्यासमक्ष जन्मला असून तो माझा मुलगा नाही. शाळेच्या दप्तरात कोंडिबा या नावाने माझा मुलगा म्हणून लिहिलेला इसम तो हाच.

"ह्ये मी न्हाई म्हननार."

"म्हणायचे नाही, बाई. अंगठा करायचा."

"अंगठा म्हंजी म्हननंच की."

टेबलासमोर उभ्या असलेल्या लालमहंमदने हातातली टोपी दुसऱ्या हातात घेतली. त्याच्या मागे भिंतीला टेकून त्याची बायको जरीना उभी होती. 

लालमहंमद १९४३ साली कराचीच्या गोदीत फिटर म्हणून गेला. जरीना केडगावातच राहिली. मध्ये देश वेगळे झाले, आणि गेल्या मे महिन्यात तो घरी परतला तो तात्पुरत्या परमिटवर. मुदत दोनदा वाढवून मिळाली. तिसऱ्यांदा मिळणार नाही, असे पोलिसांनी लेखी कळवले होते. परमिट उद्या शनिवारी संपत होते. भारताचा नागरिक म्हणून नोंदणीचा अर्ज आज दाखल झाला नाही, तर त्याला सरहद्दीकडे जाणाऱ्या गाडीत बसवले जाणार होते. नोंदणीचे साहेब फक्त शुक्रवारी बसत आणि पाच वाजता उठत. आठ वर्षांच्या लग्नात नवराबायको जेमतेम अडीच वर्षे एकत्र राहिली होती.

सकाळी अर्ज भरताना दत्तोपंत म्हणाले होते, "नोंद झाली की तुम्ही इथले. मग हवा तर पासपोर्टसुद्धा मागता येईल."

"कुठं जायला, रावसाहेब? मला केडगावला जायचंय."

दत्तोपंतांनी त्यावर मान वर केली नव्हती. जन्माचा पुरावा, एवढेच ते म्हणाले होते.

अडचण तिथेच होती. केडगावच्या जन्ममृत्यूच्या बुकात १९१८ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पाने नुसत्या मृत्यूंनी भरली होती. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत पोलीस पाटीलही गेला, आणि पुढे दोन महिने गावात कोण जन्मले ते कुणी लिहिलेच नाही. उरला शाळेचा दाखला. त्यात लालमहंमद नव्हताच. त्यात होता कोंडिबा विठू, आई दगडाबाई, जात माळी.

अमीनाची आधीची पाच मुले वर्षाच्या आत गेली होती. सहावे झाले तेव्हा पाचव्या दिवशी तिने ते शेजारच्या दगडाबाईच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवले. दगडाबाईने सूपभर कोंडा देऊन ते विकत घेतले. मरण अमीनाचे मूल शोधत आले तर त्याला ते सापडू नये, यासाठी ही रीत होती. दूध अमीनाच पाजायची, निजायलाही मूल तिच्याकडेच असायचे. पण ते दगडाबाईचे, असे साऱ्या गावाने धरून चालायचे. बाराव्या वर्षी आईने तेवढाच कोंडा परत देऊन मूल सोडवून न्यायचे. शाळेत नाव घालायला दगडाबाई गेली आणि मास्तरांनी तिने सांगितले ते लिहून घेतले. मूल नऊ वर्षांचे असताना अमीना पटकीने गेली. कोंडा परत द्यायचा राहून गेला.

"अमीनाला कोण कोण ओळखत होतं?" दत्तोपंतांनी विचारले.

"सगळी वळखत हुती. सगळी गेली. मी हाय."

"मग हा अमीनाचा, हे खरे ना?"

दगडाबाईने शाईचा अंगठा टेबलापासून आणखी मागे घेतला.

"बरं, तुमचाच मुलगा असं लिहू? कोंडिबा विठू माळी? मग परमिटावरचा लालमहंमद कोण? आणि ही मागं उभी आहे ती कुणाची बायको?"

"माय," लालमहंमद म्हणाला, "उद्याच्याला मला गाडीत घालत्याल."

"गाडीत घातलं तरी जित्ता ऱ्हाशील." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "मी तोंडानं म्हनलं का ह्यो अमीनाचा, की त्यो ऐकतोच. पाच न्हेलेत त्येनं. कोंडा न्हाई आला माघारी, कोंड्या. मी कशी म्हनू?"

"एकतीस वर्सांचा हाय मी!"

"त्येला वय कळत न्हाई."

लालमहंमदने तिचे मनगट धरले. सुरुवातीला हलकेच, मग घट्ट. त्याने तिचा हात टेबलाकडे ओढला आणि अंगठा कागदाच्या बोटभर वर आणला. दत्तोपंत खुर्चीतून अर्धे उठले. दगडाबाईने हात सोडवून घेतला नाही. ती फक्त त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणी ताप आला की बघायची, तशी. त्याने हात सोडला. त्याच्या सदऱ्याच्या बाहीला शाईचा डाग पडला होता.

"असला अंगठा मी घेणार नाही," दत्तोपंत म्हणाले. त्यांनी खिशातले घड्याळ काढून टेबलावर ठेवले. तीन वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. "साडेचारपर्यंत कागद माझ्याकडे आला तर साहेबांपुढे जाईल. पुढचे कोण?"

पुढचे एक सिंधी कुटुंब होते. नवरा, बायको आणि पत्र्याची एक पेटी. त्यांना वाट देत तिघे व्हरांड्यात आली.

दगडाबाई खांबाला टेकून खाली बसली. लालमहंमद पायऱ्यांपर्यंत जाई आणि परत येई. दीड वाजता जवळच्या मशिदीतून बांग आली तेव्हाही तो असाच फिरत होता; नमाजाला गेलो आणि नाव पुकारले तर काय, म्हणून तो जुम्मा चुकवून थांबला होता. आता तो पुन्हा आत जाऊन दारातून दत्तोपंतांकडे बघून आला. परत आला तो दगडाबाईपुढे बसला आणि त्याने कपाळ तिच्या पावलांवर टेकले.

"ऊठ. लोक बघत्यात."

"बघू दे."

"ऊठ म्हनते ना."

तो उठला नाही. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही आणि पायही मागे घेतले नाहीत.

जरीना सकाळपासून चार शब्दही बोलली नव्हती. ती आता दगडाबाईच्या शेजारी बसली.

"आत्याबाई, कोंडा कशाचा हुता?"

"आँ?"

"तुमी दिल्ता तो. कशाचा?"

"गव्हाचा."

"किती?"

"सूपभर. शिगोशीग."

"तेवढाच माघारी दिला तर?"

दगडाबाईने तिच्याकडे निरखून पाहिले. "द्यायचा आईनं. आई कुठं हाय?"

"आई न्हाई. मी हाय. त्याला घरात न्यायचंय ते मलाच ना?"

 पायऱ्यांवरून एक शिपाई फायलींचा गठ्ठा घेऊन गेला. मग म्हातारी म्हणाली, "घरात घेनारी बाई पायजे, असंच सांगत हुते. आईच पायजे, असं काय कुनी म्हनलं न्हाई."

जरीना तोवर पायऱ्या उतरली होती.

त्यांना केडगावहून घेऊन आलेला टांगेवाला चांदभाई फाटकाबाहेर झाडाखाली घोड्याच्या तोंडाला चंदीचा तोबरा बांधत होता. जरीनाने त्याच्या हातातला तोबराच धरला.

"काय करतीस, जरीना? त्याच्या तोंडचा घास हाय."

"कोंडा हाय ना? गव्हाचा?"

"कोंडा हाय, हरभरा हाय. कचेरीत आता चंदी पण मागत्यात का?"

"नुसता कोंडा पायजे. हरभरा निवडून द्या."

चांदभाईने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि थट्टा सोडली. टांग्याच्या बैठकीखालून त्याने एक वेगळे पोते ओढले. त्यात निव्वळ कोंडा होता.

फाटकाशी छबूबाई भुईमुगाच्या शेंगा विकायची. तिचे सूप जरीनाने मागितले तेव्हा ती म्हणाली, "सूप न्हे, पर मी शेंगा कशात पाखडू? त्या पोलिसाच्या टोपीत?" मग तिने सुपातल्या शेंगा पदरात ओतून घेतल्या. "लवकर आन गं बाई. बाजार सुटायची येळ झाली."

चार वाजून दहा मिनिटांनी जरीना भरले सूप दोन्ही हातांनी छातीशी धरून व्हरांड्यात आली. दगडाबाईने बोटाने कोंडा बाजूला सारून तळ पाहिला, वरची रास पाहिली आणि म्हणाली, "शीग कमी हाय."

चांदभाई मागून येत होता. त्याने खिशात हात घातला आणि तळाशी उरलेली मूठभर चंदी वर टाकली. त्यातला एक हरभरा दगडाबाईने उचलून फेकला.

तिने लालमहंमदला समोर बसवले. आपला पदर पसरला. जरीनाने कोंडा त्यात ओतला. वाऱ्याने थोडा उडाला तो म्हातारीने हाताने गोळा करून घेतला. मग तिने लालमहंमदच्या खांद्याला धरून त्याला जरीनाच्या बाजूला सरकवले. फार जोर लावला नाही, पण तो सरकला.

"घे," ती म्हणाली. "तुझा."

पदराची गाठ बांधून ती खांबाला धरून उठली. लालमहंमद अजून खालीच बसला होता.

"चला, लालमहंमद," ती म्हणाली. "उशीर व्हतोय."

त्या नावाने तिने त्याला कधी हाक मारली नव्हती. तो उठून तिच्या मागोमाग गेला.

दत्तोपंतांनी कागद पुन्हा वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारले, "हा तुमचा कोण?"

"कोनी न्हाई," दगडाबाई म्हणाली. "अमीनाचा हाय. माझ्या म्होरं जलमला."

तिने अंगठा केला. एकदा उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा केला. दत्तोपंतांनी खाली ओळ लिहिली: साक्षीदार व अर्जदार यांचा परस्परांशी काही नातेसंबंध नाही. ती ओळही त्यांनी तिला वाचून दाखवली. ती ऐकून घेऊन बाजूला झाली आणि गाठीतला कोंडा सांडतो की काय, ते बघत राहिली.

चार वाजून चाळीस मिनिटांनी कागद साहेबांपुढे गेला. पाच वाजता साहेब उठले. पाच वाजून पाच मिनिटांनी दत्तोपंत बाहेर आले.

"अर्ज दाखल झाला. अनुक्रमांक दोनशे एकोणीस."

"म्हंजी झालं?" लालमहंमदने विचारले.

"दाखल झाला. निर्णय नाही. चौकशी होऊन निर्णय, असा साहेबांचा शेरा आहे."

"आन् उद्या?"

"उद्या परमिट संपतं. चौकशी चालू असताना पोलिसांनी थांबावं, अशी चिठ्ठी साहेबांनी लिहिली आहे. सही झाली आहे." दत्तोपंतांनी चष्मा काढून हातात धरला. "आजचं टपाल चारला गेलं. चिठ्ठी उद्याच्या टपालात जाईल. उद्या शनिवार."

"मी घेऊन जातो. माझ्या हातात द्या."

"अर्जदाराच्या हाती देता येत नाही."

हे बोलून ते आत गेले. दरवाजा लोटताना त्यांनी एकदा मागे पाहिले. परतीच्या वाटेवर टांग्यात चांदभाईने घोडा उपाशी असल्याचे दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगितले नाही.

शनिवार, ३१ डिसेंबर. दुपारी तीन वाजता केडगावात हवालदार आला. त्याने परमिट पाहिले, परत दिले आणि रविवारी सकाळी सात वाजता अंथरूण-पांघरुणासह रेल्वे स्टेशनवर हजर राहायला सांगितले. कलेक्टर कचेरीची चिठ्ठी आली आहे का, असे लालमहंमदने विचारले. आपण ठाण्यावरून एक वाजता निघालो, तोवर आली नव्हती, असे हवालदार म्हणाला. नंतर आली असेल तर त्याला माहीत नव्हते.

लालमहंमद तेव्हाच पायी नगरला निघाला.

जरीनाने एक गोधडी घडी करून ठेवली, उलगडली, पुन्हा घडी केली. साडेपाच वाजता ती शेजारी गेली. दगडाबाई चुलीपुढे बसली होती. म्हैस दारात हंबरत होती. तिच्यापुढे नुसता कडबा होता.

"कोंडा घातला न्हाई तिला?" जरीनाने विचारले.

दगडाबाईने मान वर केली. माळ्यावर फडक्याने झाकलेले तिचे स्वतःचे सूप होते. तिकडे तिने नुसता हात केला.

"ऱ्हाऊ दे तसाच. पोराला माघारी घ्यायची पाळी आली, तर माप पुरं पायजे."

सहा वाजेपर्यंत नगरहून कुणी आले नव्हते.